बेटावरचे पाहुणे

मराठीत 'बेट' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. चोहोंकडून पाण्याने वेढलेल्या भूमीला आपण बेट म्हणतो, आणि एकाच ठिकाणी दाटीने वाढलेल्या कळकांच्या समूहालाही बेटच म्हणतो. हे दोन अर्थ एका शब्दात कसे नांदू लागले ते व्युत्पत्तिकारांनी सांगावे. पण समुद्रातील बेटाचा स्वभाव समजून घ्यायला कळकाच्या बेटाइतके चांगले उदाहरण मिळणार नाही. कळकाच्या बेटात प्रत्येक कळक दुसऱ्याला टेकून उभा असतो. मधला एकच ओढून काढू म्हटले तर आजूबाजूचे चार ओरबाडले जातात. समुद्रातील बेटाचेही असेच आहे. तेथे जागा थोडी, गोडे पाणी थोडे आणि आसराही थोडा. जे आहे ते एकमेकांना धरून आहे. मुख्य भूमीवरचा पक्षी एका रानातून उठला तर दुसऱ्या रानात जाऊन बसतो. बेटावरच्या पक्ष्याला दुसरे रान नसते.

हे सारे आज बोलण्याचे कारण असे की, अलीकडे आपण मराठी माणसे मोठ्या संख्येने बेटांच्या वाटेला लागलो आहोत. पूर्वी समुद्रकाठी जायचे ते देवदर्शनाला, हवापालटाला किंवा आजोळी. आता पाण्याखालचे प्रवाळ पाहायला, डॉल्फिन पाहायला, पक्ष्यांची छायाचित्रे घ्यायला लोक जातात. ही हौस चांगलीच आहे. निसर्गाविषयी ज्याला काहीच वाटत नाही त्याच्यापेक्षा ज्याला तो पाहावासा वाटतो तो माणूस केव्हाही बरा. प्रश्न एवढाच आहे की, पाहायला जायचे ते कोणत्या नात्याने? प्रेक्षक म्हणून की पाहुणा म्हणून?

आपल्यापैकी पुष्कळजण समुद्रापासून फार दूर राहतात. मी स्वतः भिलाईच्या दहाव्या सेक्टरमध्ये राहतो. तेथून कोकणचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी सुमारे हजार किलोमीटर पडतो. पोलादाच्या कारखान्याभोवती आखून बांधलेल्या या नगरीत देशाच्या सर्व प्रांतांतील कुटुंबे आहेत, आणि मराठी कुटुंबेही आहेत. येथल्या मुलांचा वन्य प्राण्यांशी पहिला परिचय होतो तो मैत्री बागेत. भारत आणि सोविएत संघ यांच्या मैत्रीचे प्रतीक म्हणून 1972 मध्ये ही बाग उभी राहिली. तेथे तलाव आहे, नौकाविहार आहे, आणि पांढऱ्या वाघांसाठी ती दूरवर प्रसिद्ध आहे. अशा बागांचे उपकार मी मानतो. परंतु प्राणिसंग्रहालय आपल्या डोळ्यांना एक सवय लावते. तिकीट काढले की वाघ दिसलाच पाहिजे, अशी ती सवय आहे. दिसला नाही तर आपण रखवालदाराकडे तक्रार करतो. झोपला असेल तर जाळीवर थाप मारून त्याला उठवू पाहतो. हीच सवय बरोबर घेऊन आपण बेटावर गेलो म्हणजे अनर्थाला आरंभ होतो.

कोणत्या बेटांविषयी मी बोलतो आहे ते आता सांगितले पाहिजे. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यालगत, मालवणपासून दक्षिणेस वेंगुर्ल्यापर्यंत, समुद्रात लहानमोठ्या बेटांची व खडकांची एक विखुरलेली माळ आहे. तिच्या उत्तर टोकाला मालवणसमोर कुरटे बेट आहे. त्याच्यावर शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये बांधकामास आरंभ केला आणि सुमारे तीन वर्षांत सिंधुदुर्ग उभा राहिला. जवळच पद्मगड आहे. त्याच्या भोवती ओहोटीला उघडे पडणारे आणि भरतीला बुडणारे कितीतरी खडक आहेत. दक्षिणेकडे निवतीच्या किनाऱ्यावरून पाहिले तर पश्चिमेला क्षितिजावर काळसर ठिपके दिसतात. जुन्या इंग्रजी नकाशांत त्यांना 'वेंगुर्ला रॉक्स' व 'बर्न्ट आयलंड्स' अशी नावे आहेत. एका खडकावर जुने दीपगृह होते, दुसऱ्यावर नवे आहे. बाकीच्यांवर मनुष्यवस्ती नाही. पण ती निर्जन आहेत असे म्हणणे मात्र मोठी चूक ठरेल.

कोकणातले जुने घर ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याची रचना आठवत असेल. पुढे अंगण, मग ओटी, मग माजघर, आणि आत एका बाजूला बाळंतिणीची खोली. आलेल्या पाहुण्याला ओटीवर बैठक घातली जाते, गूळपाणी दिले जाते. घरच्यांनी बोलावले तरच तो माजघरात जातो. बाळंतिणीच्या खोलीत तर तो डोकावतही नाही. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना, एवढे बाहेरूनच विचारून समाधान मानतो. यासाठी त्याला कोणी कायदा वाचून दाखवलेला नसतो. माझे सारे म्हणणे या एका उपमेत सांगता येईल. या बेटांपैकी काही ओटीसारखी आहेत, काही माजघरासारखी, आणि एकदोन तरी बाळंतिणीच्या खोलीसारखी आहेत. कोणते बेट कशासारखे आहे हे ओळखणे ही पाहुण्याची पहिली पात्रता.

सिंधुदुर्ग ही या घराची ओटी. मालवणच्या धक्क्यावरून होडीने थोड्याच वेळात तेथे पोहोचता येते. तट, बुरूज, शिवराजेश्वराचे देऊळ, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, हे सारे पाहून बहुतेक प्रवासी परततात. त्यांतला इतिहास पाहावाच. पण खाऱ्या समुद्राच्या मध्यभागी गोडे पाणी कसे, याचाही विचार तेथे थांबून करावा. पावसाचे पाणी बेटाच्या अंगात मुरते, आणि खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहते. लहान बेटाचे सारे जीवन अशा एका पातळ थरावर अवलंबून असते. उपसा बेसुमार झाला की खालचे खारे पाणी वर येते. विहिरीवर वाकून पाहणाऱ्या मुलाला एवढे समजावून सांगितले तर बेटाचा पहिला धडा त्याला तेथेच मिळून जाईल.

दुसरा धडा ओहोटीच्या वेळी मिळतो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, तेव्हा ओहोटीचे पाणीही दूर जाते आणि एरवी झाकलेले खडप उघडे पडते. खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहते. अशा एका खळग्याशी अर्धा तास उकिडवे बसून पाहावे. आरंभी काहीच दिसत नाही. मग एक शंख चालू लागतो, तेव्हा कळते की त्यात मूळ मालक नसून एक खेकडा बिऱ्हाड करून राहिला आहे. आपल्या सावलीने मिटलेले समुद्रफूल हळूहळू पुन्हा उमलते. खडकाच्या कडेला चिकटलेले कालव आणि शिंपले भरतीची वाट पाहत दारे लावून बसलेले असतात. याला होडी लागत नाही, तिकीट लागत नाही. पाय सांभाळून टाकावा, उचललेला दगड जसा होता तसाच परत ठेवावा, आणि भरतीची वेळ आधी विचारून घ्यावी, एवढेच पथ्य. दगड उलटा टाकून निघून जाणे म्हणजे एखाद्याच्या घराचे छप्पर काढून ठेवून जाणे होय.

आता माजघरात जाऊ. मालवणच्या खडकांभोवती पाण्याखाली प्रवाळ आहेत. प्रवाळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लक्षद्वीप आणि अंदमान येतात. मालवणचे प्रवाळ तितके विस्तीर्ण नाहीत. येथे नद्यांचा गाळ येतो, पावसाळ्यात समुद्राचा रंग पालटतो, आणि गोड्या पाण्याचे लोट येऊन मिळतात. अशा प्रतिकूल ठिकाणी खडकांना धरून जी थोडी प्रवाळकुटुंबे तग धरून आहेत ती त्यामुळेच अधिक मोलाची आहेत. थंडीपासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत पाणी निवळ असते. त्या दिवसांत तोंडात नळी धरून पृष्ठभागावर पालथे तरंगत, किंवा पाठीवर हवेचे नळकांडे बांधून तळाशी उतरत, हे जग पाहता येते. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची यासाठी शिक्षण देणारी संस्थाही आहे. चपटे, पट्ट्यापट्ट्यांचे, फुलपाखरासारखे मासे प्रवाळांतून ये-जा करीत असतात. खडकाच्या कपारीत गोबरा दबा धरून बसलेला असतो. समुद्रपंखे प्रवाहात डोलत असतात. ज्याने हे एकदा पाहिले त्याला समुद्र म्हणजे केवळ पाणी असे पुन्हा कधी वाटणार नाही.

पण प्रवाळ हा दगड नव्हे. सूक्ष्म प्राण्यांनी पिढ्यान्पिढ्या चुन्याचे थर रचून उभारलेले ते घर आहे आणि त्याच्या पृष्ठभागावर त्या प्राण्यांची वस्ती आहे. घट्ट गोळ्यासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. दमलेला पोहणारा टेकायला म्हणून त्याच्यावर पाय देतो, छायाचित्रासाठी कोणी त्याला हात लावतो, कोणी होडीचा नांगर थेट त्याच्यावर सोडतो. क्षणात जे मोडते ते भरून यायला एक पिढी लागते. मासे जवळ यावेत म्हणून पावाचे तुकडे टाकण्याची चाल तर सर्रास दिसते. माशांचा घोळका जमतो आणि पाहुणा खूष होतो. परंतु खडकावरचे शेवाळ खाऊन प्रवाळाला मोकळे ठेवणे हे ज्या माशांचे काम, ते पावाला चटावले म्हणजे ते काम कोण करणार? त्यात समुद्राचे पाणी तापले की प्रवाळ आपल्या अंगातील सूक्ष्म वनस्पती टाकून देतात आणि पांढरे पडतात. जगभर हे संकट आले आहे, आणि मालवणच्या प्रवाळांवरही त्याच्या खुणा अभ्यासकांनी नोंदल्या आहेत. समुद्राची उष्णता कमी करणे एकट्यादुकट्या पाहुण्याच्या हाती नाही. आधीच आजारी असलेल्याच्या अंगावर पाय न देणे मात्र त्याच्या हाती आहे.

डॉल्फिनचीही गोष्ट अशीच आहे. देवबाग, तारकर्ली, निवती या भागात पाठीवर उंचवटा असलेली डॉल्फिनची एक जात किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात बारमाही राहते. मतलई वाऱ्याच्या वेळी, सकाळी समुद्र शांत असताना, त्यांच्या काळसर पाठी पाण्याबाहेर येतात आणि नाहीशा होतात. ती आपल्यासाठी खेळ करीत नसतात. श्वास घ्यायला वर येतात. हे एवढे लक्षात ठेवले तर पुढचे सारे वर्तन आपोआप सुधारेल. चार होड्या चार दिशांनी यंत्रे गर्जत धावल्या म्हणजे त्या प्राण्याला श्वास घेणेही कठीण होते, आणि पिलू आईपासून तुटण्याचा धोका असतो. उलट, यंत्र मंद करून, कळपाच्या वाटेत न जाता, बाजूला होडी थांबवून स्वस्थ बसावे. पुष्कळदा ती आपण होऊन होडीजवळून जातात. समुद्रात घाई करणाऱ्याला थोडे दिसते, हा दर्यावर्दी लोकांचा जुना अनुभव आहे.

येथे कायदा काय करतो, असा प्रश्न कोणी विचारील. मी शासनाच्या सेवेत आहे. नियम करणे आणि ते पाळले जातात की नाही हे पाहणे हाच माझा नित्याचा व्यवसाय. म्हणून या प्रश्नाचे उत्तर मी थोडे सावधपणे देतो. 1987 मध्ये मालवणचा हा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर असून पद्मगडाच्या आसपासचा 3.18 चौरस किलोमीटरचा भाग गाभाक्षेत्र ठरला. हेतू उत्तम होता. परंतु ज्या गाबीत व इतर मच्छिमारांच्या होड्या याच पाण्यात पिढ्यान्पिढ्या चालत आल्या, त्यांना या घोषणेत आपल्या पोटावर आलेली टाच दिसली. विरोध झाला, आणि अनेक वर्षे हे अभयारण्य बव्हंशी कागदावरच राहिले. यात केवळ अडाणीपणा पाहणे अन्यायाचे होईल. रापण ओढणारा माणूस समुद्राला शत्रू मानीत नाही. किनाऱ्याला अर्धवर्तुळ करून जाळे टाकायचे, साऱ्या वाडीने ते ओढायचे आणि मिळालेली मासळी वाट्याप्रमाणे वाटून घ्यायची, ही त्याची रीत. त्या रीतीत समुद्राची मर्यादा सांभाळण्याचे एक शहाणपण आहे. ज्या घराचे आपण रक्षण करू पाहतो त्या घराच्या यजमानालाच विश्वासात घेतले नाही, तर रक्षण कोण करणार?

पुढे परिस्थिती निराळ्या मार्गाने पालटली. प्रवासी येऊ लागले आणि मच्छिमारांच्या पुष्कळ मुलांनी जाळ्याऐवजी प्रवाशांना समुद्र दाखवण्याचा धंदा पत्करला. ज्या खडकावर वडील गळ टाकीत त्याच खडकावरचे प्रवाळ आज मुलगा दाखवतो. आता प्रवाळ जिवंत राहण्यात त्याचा प्रत्यक्ष लाभ आहे, आणि ही मोठीच अनुकूल गोष्ट आहे. तरी तेवढ्याने भागत नाही. कारण आजच्या हंगामात चार होड्या अधिक लावण्याचा मोह आणि दहा वर्षांनी प्रवाळ शिल्लक असण्याची गरज यांत नेहमीच ओढाताण असते. उपजीविकेवाचून नियम दुबळा, आणि नियमावाचून उपजीविका आंधळी. दोन्ही एका जुवाला जोडावी लागतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या स्त्रिया हे करून दाखवीत आहेत. वल्ह्यांच्या होडीतून त्या पाहुण्यांना कांदळवनात नेतात, झाडे ओळखायला शिकवतात, खेकडे व पक्षी दाखवतात. यंत्राचा आवाज नाही, धूर नाही, आणि पैसा गावातच राहतो. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथेही 2002 पासून सागरी कासवांची अंडी राखण्याचे काम झाले, आणि काही वर्षांतच पिलांचे समुद्रगमन पाहायला लोक येऊ लागले. ते गावकऱ्यांच्या घरी उतरतात, घरचे जेवण जेवतात, आणि दोरीच्या अलीकडे उभे राहून पिले पाण्याकडे जाताना पाहतात. त्या दोरीची कोणाला अडचण वाटत नाही. दोरीमुळेच पाहण्याला प्रतिष्ठा आली आहे.

आणि आता बाळंतिणीच्या खोलीविषयी. निवतीसमोरच्या ज्या काळ्या खडकांचा मी आरंभी उल्लेख केला, तेथे सुरय जातीचे समुद्रपक्षी अंडी घालतात. पाठीकडून काळसर आणि कपाळावर पांढरी पट्टी असलेला लगामी सुरय एरवी खुल्या समुद्रावर हिंडणारा पक्षी. पिलांसाठी मात्र त्याला जमीन लागते, आणि मांजर-उंदीर-कुत्रा नसलेली जमीन लागते. अशी जमीन आपल्या पश्चिम किनाऱ्यावर फार थोडी उरली आहे. पक्षिशास्त्राचे अभ्यासक आणि पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम 1875 मध्ये लक्षद्वीपच्या सफरीत या खडकांवर येऊन गेले. 1940 च्या सुमारास हुमायून अब्दुलअली यांनी येथील सुरय व पाकोळ्या यांचे निरीक्षण करून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिले. आज पक्षितज्ज्ञांनी ही बेटे महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांत गणली आहेत.

या खडकांतील एका बेटावर समुद्राच्या लाटांनी कोरलेली गुहा आहे. तिच्यात भारतीय पाकोळी राहते. चिमणीपेक्षाही लहान, तपकिरी रंगाचा, कोणाच्या नजरेत न भरणारा हा पक्षी दिवसभर हवेत कीटक टिपत असतो आणि संध्याकाळी गुहेत परततो. गुहेतील अंधारात त्याला डोळ्यांचा उपयोग नाही. तो टक् टक् असा आवाज काढतो आणि भिंतीवरून येणाऱ्या प्रतिध्वनीवरून आपली वाट ओळखतो. त्याचे घरटे तर अद्भुतच. स्वतःच्या लाळेत पिसे व शेवाळाचे धागे मिसळून आठवडेच्या आठवडे खपून तो कातळाला अर्ध्या वाटीसारखे घरटे चिकटवतो, आणि त्यात दोन पांढरी अंडी घातली जातात. हीच लाळ त्याच्या मुळावर आली. पूर्व आशियात पाकोळीच्या घरट्यांचे सार पौष्टिक व प्रतिष्ठेचे मानतात, आणि त्यांना मोठी किंमत येते. वेंगुर्ल्याच्या खडकांवरील घरट्यांच्या व्यापाराचा उल्लेख एकोणिसाव्या शतकातील इंग्रज पक्षिनिरीक्षकांच्या लेखनातही सापडतो. घरटे खरवडून काढताना त्यातील अंडी व पिले टाकून दिली जातात. पक्षी पुन्हा लाळ गाळून दुसरे घरटे बांधू लागतो, तेही जाते. या शतकाच्या आरंभी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने या गुहेकडे लक्ष वेधले, तस्करीविरुद्ध वनखात्याबरोबर काम केले; आणि 2002 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या पाकोळीचा समावेश झाला.

चोर आणि पाहुणा यांची मी बरोबरी करीत नाही. परंतु पाकोळीच्या बाजूने विचार केला तर फरक वाटतो तितका मोठा नाही. विणीच्या दिवसांत दहा माणसे दिवे लावून, बोलत, गुहेत शिरली तर प्रतिध्वनीवर विसंबणाऱ्या पक्ष्याची काय दशा होत असेल? सुरयाच्या वसाहतीवर होडी लागली आणि सारे पक्षी एकदम उठले, तर वैशाखाच्या उन्हात उघड्या कातळावर पडलेली अंडी किती वेळ जगतील? पाहुण्याने काही नेले नाही, काही मोडले नाही. तरी त्याच्या केवळ येण्याने नुकसान होऊन जाते. म्हणून या बेटांवर हौशी प्रवाशांनी उतरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दूर होडी थांबवून दुर्बिणीतून पाहावे; संध्याकाळी पाकोळ्यांचे थवे खडकाकडे परतताना दिसले तर तेच मोठे भाग्य समजावे.

कोणी म्हणेल, हे फार कडक झाले. परंतु आपल्याच देशात याहून कडक आणि तितकाच विचारपूर्वक कारभार झालेला आहे. अंदमानात वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटे प्रवाशांना आळीपाळीने खुली करण्याची पद्धत आहे. एक बेट पाहुण्यांच्या सेवेत असताना दुसरे विश्रांती घेते, आणि प्लास्टिक तेथे नेऊ देत नाहीत. शेतकरी जमीन पडीक ठेवून तिला दम घेऊ देतो, त्यातलाच हा प्रकार आहे. अंदमानातील पाकोळ्यांचेही उदाहरण बोलके आहे. तेथील जातीचे घरटे जवळजवळ शुद्ध लाळेचे असते, म्हणून तेथे लूट अधिक झाली. सलीम अली केंद्राचे रवी शंकरन यांनी वनखात्याच्या साहाय्याने गुहांवर पहारा बसवला, आणि या कामात पूर्वी घरटी काढणाऱ्या माणसांनाच रखवालदार नेमले. शंकरन 2009 मध्ये निवर्तले. पण ज्याला गुहेची वाट ठाऊक आहे त्यालाच तिचा राखणदार करावा, हा त्यांचा धडा आपल्या किनाऱ्यालाही लागू आहे. दूर पॅसिफिक महासागरात गालापागोस बेटांवर 1959 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. तेथे ठरलेल्या जागीच उतरता येते आणि प्रशिक्षित वाटाड्याशिवाय फिरता येत नाही. तरी जगभरचे लोक तेथे जातातच. मर्यादा घातल्याने पाहुणे येईनासे होतात ही भीती निराधार आहे.

ही चर्चा आजच करण्याची निकडही आहे. भारतीय नौदलातून 2024 मध्ये निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका पुढील वर्षी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवण्यात आली. निवतीच्या खडकांजवळ तिला समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय आणि माशांचा कृत्रिम आसरा निर्माण करण्यासाठी ही योजना आखण्यात आली. बुडालेल्या जहाजावर कालांतराने शिंपले, स्पंज, प्रवाळ वस्ती करतात हे खरे आहे, आणि नैसर्गिक खडकांवरचा पाहुण्यांचा भार अशा ठिकाणी वळवता आला तर ते हितकारकच होईल. परंतु त्याच निमित्ताने शेजारच्या पक्ष्यांच्या खडकांकडे होड्यांची रांग लागली, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होईल. ओटी मोठी करावी, तिच्यावर बैठका अधिक घालाव्यात. पण त्या गर्दीत बाळंतिणीच्या खोलीचे दार उघडे पडू देऊ नये. ही जबाबदारी जितकी शासनाची, तितकीच प्रत्येक येणाऱ्याची.

ज्यांना तिकडे जायचे आहे त्यांच्यासाठी थोड्या व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. मेच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत समुद्र खवळलेला असतो आणि होड्या बंद असतात. तेव्हा हट्ट करू नये. थंडीचे दिवस सर्वांत चांगले. निघण्यापूर्वी तिथी पाहावी, म्हणजे उधाण आहे की भांग आहे हे कळते आणि भरती-ओहोटीचा अंदाज येतो. होडी ठरवताना भाव करण्याआधी तांडेलाला दोन प्रश्न विचारावे: नांगर कोठे टाकता, आणि डॉल्फिन दिसले तर यंत्र मंद करता ना? गिऱ्हाईकच असे विचारू लागले म्हणजे तांडेलही तशीच होडी चालवू लागतो. पाठलाग करण्याचा आग्रह बहुधा आपलाच असतो. अंगरक्षक जाकीट घालावे. पाण्यात शिरताना दमल्यास टेकायला प्रवाळ नाही, हे मनाशी पक्के करून उतरावे. शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे, समुद्रपंखे आठवण म्हणून आणू नयेत. त्यांपैकी प्रवाळ व समुद्रपंखे यांना कायद्याचे संरक्षण आहे, आणि रिकाम्या शंखाची वाट एखादा खेकडा पाहत असतो. मुलांना एक वही आणि पेन्सिल द्यावी. जे दिसले ते लिहावे, जे दिसले नाही तेही लिहावे.

कारण न दिसणे हाही बेटावरच्या अनुभवाचा भाग आहे. प्राणिसंग्रहालयातून रिकाम्या डोळ्यांनी परतणे म्हणजे पैसे वाया जाणे. समुद्रावरून तसे परतणे म्हणजे समुद्र अजून स्वतंत्र आहे याची खूण. हजार किलोमीटरांवरून गेलेल्या माणसाला हे पटवून घेणे सोपे नाही, हे मी जाणतो. रजा मोजकी असते, मुले वाट पाहत असतात, खर्चही झालेला असतो. तरीही, निवतीच्या किनाऱ्यावर बसून क्षितिजावरच्या त्या काळ्या ठिपक्यांकडे बोट दाखवून आपण मुलांना सांगू शकतो की, तेथे एका गुहेच्या अंधारात, केवळ आवाजाच्या आधाराने वाट काढीत, एक लहानसा पक्षी आपले घरटे बांधतो आहे. आपण तेथे जाणार नाही, म्हणून तो पुढच्या वर्षीही तेथे असेल. मुलांना हे आपल्या अपेक्षेपेक्षा लवकर समजते.